ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारं कोणी आहे का इथे? (कीबोर्डवाल्याचा डावा हात, काळी दोन वगैरे)

लगेजडबा:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी मूळचा गिटारवाला, कॉलेजात सगळेच असतात तसा. नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या पोरांनी मिळून बँड काढला, शनिवारी ठाण्यात जॅमरूम तासावर घ्यायची आणि हिंदी-इंग्लिश कव्हर्स वाजवायची, कधी एखाद्या कॅफेत, कधी सोसायटीच्या गणपतीत, पैसे वगैरे काही नाही, चहा-समोसे मिळाले तरी खूश. गिटारवाले तीन झाले आणि बेसवाला एकही नाही, तेव्हा "तुझी बोटं लांब आहेत" एवढ्या कारणावर बेस माझ्या गळ्यात पडला. आधी नाखुशीनेच घेतला, पण आता गिटार कपाटावर धूळ खात पडलंय आणि घरी आलो की हात बेसकडेच जातो.

आता मुद्दा. आमचा ड्रमर एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो, त्याने तिकडे माझं नाव सुचवलं आणि दिवाळीपासून मी जायला लागलोय. सुपाऱ्या सगळ्या प्रकारच्या, हळद, संगीत, पूजा, पतपेढीचा वर्धापनदिन, नवरात्र. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, लावण्या, कोळीगीतं आणि शेवटी नाचायचा मेडले. पाकीट मिळतं, छोटं का होईना. पण माझी अवस्था घर का ना घाट का अशी झालीय.

एक म्हणजे आमचे कीबोर्डवाले दादा. माणूस एकदम तयारीचा, ऑर्केस्ट्रा त्यांच्याच जिवावर चालतो. पण कित्येक वर्षं बेसवाला नसल्यामुळे डाव्या हाताने बेस तेच वाजवत आलेत आणि मी आलो तरी तो हात काही थांबत नाही. मी सा वर असतो तेव्हा ते पंचमावर, मी जागा सोडतो ती ते भरतात, बाहेर नुसतं ढब्ब ढब्ब. वर ते ट्रान्सपोजचं बटण दाबून सगळं सी मध्ये वाजवतात, त्यामुळे त्यांच्या हाताकडे बघून कॉर्ड पकडायला गेलो की घोटाळा, बोटं सी वर आणि आवाज डी शार्पचा!

दुसरं म्हणजे आमचे मुख्य गायक काळी दोनला, म्हणजे डी शार्पला सा धरून गातात. बेसची सगळ्यात जाड तार ई, म्हणजे पांढरी तीन. काळी दोनचा खालचा सा माझ्याकडे नाहीच, अर्ध्या स्वराने हुकतो. पाच तारांचा बेस घ्यावा का?

तिसरं, साउंडवाला मला जवळजवळ बंदच करून टाकतो. माझ्याकडे २० वॉटचा घरगुती अँप आहे, तो स्टेजवर चिलटासारखा वाजतो. मोठा घ्यायचा तर लोकलने न्यायचा कसा, बेसच लगेजच्या डब्यात कसाबसा उभा राहतो. मागच्या कार्यक्रमानंतर यजमान मला म्हणाले, "ते मोठं गिटार दिसायला मस्त आहे, पण ते वाजत होतं का?"

तर अनुभवी लोकांनी सांगा, पैसे पाच तारांवर घालू, अँपवर घालू, का गप्प परत शनिवारच्या बँडपुरतंच ठेवू.

गिरगावचा_जुना:

अरे लगेजडबा, डाव्या हाताचं दुखणं जुनं आहे, तुझ्या दादांचा वैयक्तिक राग मानू नकोस. आमच्या वेळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार धरूनच चालायचे, कारण जी गाणी वाजवायची त्यातच तो होता. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेसवर असायचे, ते ऐकून आम्ही शिकलो, रेकॉर्डची सुई मागे नेऊन नेऊन. मग कीबोर्ड सुधारले, स्प्लिट आलं, डावीकडे बेसचा टोन आणि उजवीकडे स्ट्रिंग्ज नाहीतर बासरी, एका माणसात दोन माणसांचं काम व्हायला लागलं आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी पहिली काट आपल्यावर मारली. तुझे दादा त्या काळातले दिसतात. त्यांनी तो डावा हात हौसेनं नाही, पोटासाठी तयार केलाय, हे ध्यानात ठेवून बोल.

आणि बोलायचं ते स्टेजवर नाही. स्टेजवर मान हलवून "तुम्ही नका वाजवू" असा इशारा केलास की संपलं, पुढची सुपारी तुला येणार नाही. रिहर्सलला लवकर जा, गाण्यांची यादी घे आणि विचार, "दादा, यातल्या कुठल्या गाण्यात बेस तुम्ही धरता?" असंच विचारायचं, बरं का. माझा अनुभव असा की माणूस आपणहून म्हणतो, ही चार मला लागतात, बाकी तू घे. त्यांना लागतात ती बहुतेक नाचायची नवी गाणी असतात जिथे मुळात बेस सिंथचाच आहे, तिथे बेस गिटार तसाही घुसत नाही, ती खुशाल देऊन टाक. त्या वेळात तू उभा राहून टाळ्या वाजव नाहीतर घुंगरू हलव. जुनी हिंदी, भावगीतं, कव्वाली तुझी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत पण गाण्यागणिक म्यान बदलता येते.

मात्र "वाजवू नका" म्हणून तो हात थांबत नसतो, सवय आहे ती. त्याला दुसरं काम द्यावं लागतं. स्प्लिटच्या डावीकडे बेसऐवजी पॅड (मागे धरून ठेवायचा मऊ, लांब टोन) नाहीतर स्ट्रिंग्ज लावायला सांग आणि त्या भागाचं सप्तक एकदोनने वर घ्यायला सांग, मग ते सवयीने हवं ते वाजवू देत, तुझ्या खालच्या जागेत काही येत नाही. हे मी स्वतः तीन वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रात करून बघितलंय आणि कीबोर्डवाल्यालाही आवडतं कारण आवाज भरीव होतो.

ट्रान्सपोजचं सोपं आहे. त्यांच्या हाताकडे बघूच नकोस. यादीवर प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिही, काळी एक, पांढरी चार, जी असेल ती, आणि शेजारी सा कुठल्या तारेवर कितव्या फ्रेटला ते. कॉर्ड सी-एफ-जी असं लिहायचंच नाही, सा-म-प असं लिही. मग गायकाचा घसा बसला आणि आयत्या वेळी अर्धा स्वर उतरवला तरी दादा बटण दाबतील आणि तू एक फ्रेट सरकशील, दोघांचं काम झालं. बेसवर हा मोठा फायदा आहे, गिटारवाल्यासारखं मोकळ्या तारांच्या कॉर्डवर आपलं अडत नाही. फक्त मोकळी तार वाजवायची सवय सोड.

स्पष्टवक्ता७:

कडू बोलतो, राग नको. ऑर्केस्ट्रात बेस गिटारची गरजच राहिलेली नाही. अर्धे कार्यक्रम मायनस वन ट्रॅकवर (गायकाशिवायचं तयार रेकॉर्डिंग) होतात, लॅपटॉप, दोन गायक, एक निवेदिका, काम झालं. आयोजकाचं बजेट कमी झालं की पहिला बेसवाला जातो, मग सॅक्सोफोन, मग ढोलक. यजमानाने विचारलंच आहे ना "वाजत होतं का" म्हणून. लोकांना बेस ऐकू येत नाही, डीजेचा येतो कारण तो छातीत बसतो. तुम्ही नोकरी करताय, पोटाचा प्रश्न नाही, तेव्हा शनिवारचा बँड करा आणि मजा करा. नवा बेस घेऊन ईएमआय कशाला लावून घेता.

मांडववाला:

मी साउंडचा धंदा करतो, मिरजेकडं. आमच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो, मग शिव्या घाला.

तुला बंद का करतो ऐक. मांडवात पत्र्याचं छप्पर, दोन टॉप दोन बेस (आमच्या भाषेत खर्जाचे मोठे स्पीकर) लावलेले, आणि १०० हर्ट्झच्या खाली येतंय कोण कोण बघ, ऑक्टोपॅडची किक, डग्गा किंवा ढोलक, कीबोर्डचा डावा हात आणि तू. चौघंबी एकाच दारातनं घुसायला बघताय. वर तू येतोस ते कसा, गिटारची साधी जॅक केबल, तिला जोड देऊन देऊन १० मीटर केलेली, सगळीकडनं हम्म्म येतंय. गाणं चालू झाल्यावर हम कुठनं येतंय ते शोधायला वेळ कुणाला हाय, ज्या चॅनलचा भरवसा नाही त्याचा फेडर खाली. एवढंच कारण. तुझ्यावर राग नाही गड्या.

त्यामुळं पैसे घालायचेच असतील तर पयला एक डीआय बॉक्स घे, बेसचा आवाज मिक्सरला थेट नीट पोचवणारी छोटी डबी असती ती. स्वतःचा. आमच्याकडं असतोय, पण तो कीबोर्डवाला पळवतोय. बेसमधनं छोटी केबल डीआयमध्ये, तिथनं मायकाच्या एक्सएलआर केबलनं मिक्सरला, मग ती ५० मीटर गेली तरी फरक पडत नाही. हम आला तर डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतंय, दाबून बघायचं. बेस अँप मिक्सरला मायक लावून घ्यायची चैन मांडवात होत नाही.

तुझा २० वॉटचा अँप टाकून देऊ नको. डीआयला दुसरं भोक असतंय, थ्रू का लिंक लिहिलेलं, त्यातनं अँपला घे आणि अँप खुर्चीवर ठेव, कानाकडं तोंड करून, तुझ्याच. जमिनीवर ठेवला की आवाज पोटरीला ऐकू येतोय आणि तू व्हॉल्यूम वाढवत बसतोस. खुर्चीवर ठेवला की २० वॉट तुझ्या एकट्यापुरता पुरतोय. लोकांसाठी आमचे बेस हायत की. फक्त ते बेससाठीच अँप असू दे, गिटारच्या अँपमध्ये बेस जोरात वाजवला तर स्पीकर फाटतोय.

आणि टोनचा नॉब. सगळे बेसवाले घरी खर्ज पूर्ण चढवतात, एकट्यानं वाजवताना गोड लागतंय म्हणून. मांडवात उलट कर. ई तारेचा खालचा स्वर ४१ हर्ट्झचा, त्याची एक लाट ८ मीटरच्या वर लांब, कोपऱ्यात एक ऐकू येणार आणि मधी दुसरंच. तू स्टेजवर काय ऐकतोस त्यावर जाऊच नको. आम्ही ४० च्या खालचं कापून टाकतो आणि ७००-८०० च्या आसपास जरा वर घेतो, तिथं बोटाचा टणक आवाज असतोय, तो आला की माणसाला "हां, बेस वाजतोय" असं कळतंय. तुझ्या यजमानाला तेच कळलं नव्हतं. साउंड चेकला एखाद्या ओळखीच्या पोराला मागच्या खुर्च्यांपर्यंत पाठव, तो काय म्हणतोय ते खरं.

आता महत्त्वाचं. अर्थिंग. तारांवर हात आणि तोंड मायकाला, असं असताना ओठाला झिणझिण्या आल्या तर हसण्यावारी नेऊ नको. बेसच्या तारा तुझ्या अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात आणि मायक आमच्या मिक्सरच्या. दोन वेगळ्या बोर्डावरनं, एक जनरेटरवर आणि एक घरच्या मीटरवर असं झालं की मधी तू सापडतोस. माणसं मेल्यात अशानं. कोरस गायच्या आधी मायकाच्या जाळीला लाइन टेस्टर लावून बघ, मल्टिमीटर असेल तर अजून बरं, जाळी आणि तारा यांच्यात व्होल्ट दाखवतंय का ते. दाखवलं तर मायकाला तोंड लावायचं नाही आणि वायरमनला बोलवायचं, अँपचा प्लग आमच्याच बोर्डात घालायचा. आणि हम जातोय म्हणून तीन पिनी प्लगची जाड पिन मोडणारे लोक असतात, त्यांच्याकडचं एक्स्टेन्शन घेऊच नको.

खर्जातली:

मांडववाला, शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत. हे कुणीच सांगत नाही.

स्पष्टवक्ता, ट्रॅकबद्दल तुमचं खरं आहे, पण ट्रॅक वन्स मोअर घेत नाही. लावणीला नाचणारी रंगात आली आणि तिने मुखडा परत मागितला की ट्रॅकवाल्याचा चेहरा बघा. जिथे गाणं ताणायचं असतं, गायक शब्द विसरतो, आमदार मधेच स्टेजवर येतात, तिथे माणसंच लागतात, आणि माणसं एकत्र परत समेवर आणायची तर खाली कोणीतरी घट्ट लागतं. बेस ऐकू येत नाही हे अर्धं बरोबर आहे, लोकांना तो नसला की कळतं, फक्त काय नाही ते सांगता येत नाही.

मी पुण्यात वाजवते, नोकरी सांभाळून, एक रॉक कव्हर बँड आणि एक भावगीत-नाट्यगीतांचा ग्रुप, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं. पाच तारांबद्दल सांगते. फक्त काळी दोनसाठी घेऊ नकोस. डी शार्प तुला ए तारेवर सहाव्या फ्रेटला आहेच, तिथे सा धर, पंचम वर डी तारेवर आठव्याला आणि खालचा पंचम ई तारेवर सहाव्याला, सगळं हाताखाली येतं. सा सगळ्यात खालचाच असला पाहिजे असं कुठे लिहिलंय? आणि मांडववाला म्हणतायत तसं त्या साउंड सिस्टीमवर खालच्या सप्तकातला सा नुसता गुरगुरतो. पाचवी तार बी, म्हणजे ३१ हर्ट्झ, ती चांगल्या कॅबिनेटशिवाय लोळते. शिवाय मान रुंद, वजन जास्त, आणि न वाजणारी एक तार जास्त दाबून ठेवायची. ती दाबायचं तंत्र उजव्या अंगठ्याने येतं, अंगठा पिकअपवर रुतवून न ठेवता वरच्या तारांवर सरकवत ठेवायचा, ते चार तारांवरच आधी बसव. अगदीच हवं असेल तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरव, डी शार्प मोकळी तार मिळेल, पण मग गिरगावच्या काकांची फ्रेटची यादी परत लिहावी लागेल.

मला वाटतं तुझा खरा प्रश्न कीबोर्डवाले नाहीत, ठेका आहे. रॉक बँडमधून आलास ना, म्हणजे किकवर बसायची सवय असणार. आपल्या गाण्यांत खालचा आवाज किकचा नसतो, डग्ग्याचा असतो. साधा केरवा घे, धा गे ना ती, ना के धी ना. डग्गा कुठे घुमतो बघ, पहिल्या दोन मात्रांवर आणि मग सातवीला. पाचव्या मात्रेवर खाली (तालातली टाळी नसलेली जागा) असते, डावा हात बंद. मी सातव्या मात्रेवर काही वाजवत नाही, पहिली आखूड ठेवते म्हणजे दुसरीच्या घुमाऱ्याला जागा राहते, आणि पाचवी मात्र भरून वाजवते, कारण तिथे खाली दुसरं कोणीच नसतं. एवढ्यावर आमचा तबलजी, जो माझ्याशी फारसं बोलायचा नाही, तो "आज काय वेगळं केलंस?" म्हणाला. तबलेवाल्याच्या डाव्या बाजूला, त्याचा डग्गा दिसेल असं उभं राहायचं, मनगट दाबताना दिसलं की मींड येणार हे कळतं, तेव्हा आपला स्वर सोडून द्यायचा.

आणि भावगीतांत कॉर्डच्या मागे धावू नकोस. उदाहरण देते, भूपातलं गाणं, सा रे ग प ध, म आणि नी नाहीतच. कीबोर्डवाला सवयीने चौथी कॉर्ड लावतो, म-ध-सा, की त्याबरोबर आपण खाली म ठोकतो आणि भूपाचा भूप राहत नाही. कान नसलेल्यालाही काहीतरी बिघडलं हे जाणवतं. त्याऐवजी ध धरायचा. ध-सा-ग ही मायनर कॉर्ड पूर्ण भूपातली आहे, कीबोर्डवाल्यालाही तीच वाजवायला सांगायची. पंचमावर गेलास तर त्याला म्हणावं नुसते प-रे धर, नी सोड. यमन असेल तर हिशोब वेगळा, पण मूळ गोष्ट तीच, आधी गाण्याचे स्वर म्हणून बघ आणि त्यातलेच खाली घे. कित्येकदा सगळा मुखडा फक्त सा आणि प वर उभा राहतो आणि अंतऱ्याला ध आला की माणूस चमकतो.

अवांतर: बेस गळ्यात पडला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पॉल मॅकार्टनीसुद्धा आधीचा बेसवाला सोडून गेला म्हणून १९६१ मध्ये गिटारवरून बेसवर आला, आणि कॅरोल के १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून बसली ती बसलीच. आपल्याकडे मोहिनी डेसारखी मुंबईची मुलगी जगभर वाजवतेय. पोरी बेस वाजवत नाहीत असं मला अजूनही साउंड चेकला ऐकवतात, "मॅडम, गायिकेचा माइक तिकडे आहे" म्हणून.

लगेजडबा:

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. मनापासून आभार. मी प्रिंट काढून बेसच्या बॅगेत टाकलंय.

रिहर्सलला दादांना यादी घेऊन विचारलं, अगदी काकांनी सांगितलं त्याच शब्दांत. ते आधी हसले, म्हणाले "मग मी डाव्या हाताने काय करू, तंबाखू मळू?" पण पॅडचं सुचवल्यावर लावून बघितलं आणि एका जुन्या हिंदी गाण्यावर एकदम फरक पडला, गायकसुद्धा मागे वळून बघायला लागले. नाचायची सगळी त्यांनी स्वतःकडे ठेवली, आणि एक कव्वाली पण ठेवली जी खरं म्हणजे मला हवी होती. चालायचंच. केरव्याचं घरी करून बघतोय, पाचवी मात्रा भरायला गेलो की सातवी आपोआप वाजतेच, हात ऐकत नाही.

दोन किरकोळ प्रश्न उरले. डीआय बघायला गेलो तर दुकानात पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह असे दोन प्रकार दाखवले, माझा बेस पॅसिव्ह आहे, बॅटरी नाही, तर पॅसिव्ह डीआयच घ्यायचा ना? आणि पावसाळ्यात तारांना गंज चढतो, महिन्याभरात खरखरीत होतात, बेसच्या तारांचा सेट काही स्वस्त नाही. त्यावर काही?

गिरगावचा_जुना:

कव्वाली गेली तर जाऊ दे. टाळी आणि ढोलक यांच्यात बेसला तिथे फार जागा नसते, भावगीतं राखलीस ना, झालं. आणि एक राहिलं, नाईट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, आधी ठरव. "बघू नंतर" म्हणणाऱ्याकडे नवरात्रात अजिबात जाऊ नकोस. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे, नवरात्र-गणपतीत ठरलेल्या काही दिवशीच १२ पर्यंत सूट मिळते, मग पोलिस आले आणि कार्यक्रम अर्धवट थांबला की आयोजक म्हणतो अर्धाच वाजवलात, अर्धेच घ्या. पट्टा गळ्यात घातला की पूर्ण पैसे, हे आधी बोलून घ्यायचं.

म्हापशेकार:

तारांचं मी सांगतो, आम्ही गोव्यात आहोत, गंजाचं आम्हाला शिकवू नका. इथे लग्नाच्या बँडला बेस गिटार नसेल तर लोक विचारतात बँड अर्धाच आलाय का, त्यामुळे जून-जुलैतसुद्धा सुट्टी नाही. वाजवून झालं की प्रत्येक तार खालून-वरून सुती फडक्याने पूस, घाम वरून दिसतो पण गंज खालच्या बाजूने, फ्रेटकडून चढतो. वाजवायच्या आधी हात धू, हे लग्नात जेवणानंतर फारच लागू. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेव. तारा मेल्यासारख्या झाल्या, पण गंजलेल्या नसल्या, तर काढून पाण्यात दहा मिनिटं उकळ, नीट कोरड्या करून परत चढव, काही कार्यक्रम निघतात. कायमचं नाही ते. जुनी गाणीच जास्त असतील तर फ्लॅटवाउंड तारा बघ, महाग असतात पण वर्षानुवर्षं चालतात आणि गुळगुळीत असल्याने त्यांच्यात घाम-मळ अडकत नाही. आवाज बोथट येतो, जुन्या रेकॉर्डींसारखा. तुमच्या मांडववाल्याला तो ७०० हर्ट्झचा टणकपणा मग थोडा जास्त चढवावा लागेल.

आणि पावसात मान वाकते ती वेगळी. तारा अचानक उंच वाटायला लागल्या तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा, त्याहून जास्त एका दिवशी नाही. जमत नसेल तर माहीतगाराकडे ने.

खर्जातली:

फ्लॅटवाउंडला +१. भावगीतांसाठी मी तेच लावलेत. रॉक बँडला मात्र दुसरा बेस नेते, तिथे ते अगदीच मऊ वाटतात. सातवी मात्रा आपोआप वाजते त्यावर उपाय, तोंडाने बोल म्हणत वाजव, "धी" आला की डाव्या हाताची बोटं तारेवर सैल सोड. उजवा हात चालू राहिला तरी आवाज येणार नाही.

स्पष्टवक्ता७:

उकळलेल्या तारा! काय लोक आहात तुम्ही. चालू द्या. (डीआयचं उत्तर मलाही हवंय, मुलाने बेस आणलाय घरी.)

मांडववाला:

हा हा, स्पष्टवक्ता सापडले.

डीआयचं उलट असतंय. बेस पॅसिव्ह असेल तर ॲक्टिव्ह डीआय घ्यायचा, बेसमध्ये बॅटरी असेल तर पॅसिव्ह डीआय चालतोय. पॅसिव्ह पिकअपचा आवाज नाजूक असतोय, साधा डीआय त्याला ओढून बसवतोय आणि वरचा सगळा टणकपणा खातोय. ॲक्टिव्हला करंट लागतोय, तो मिक्सरकडनं ४८ व्होल्टचा फँटम येतोय एक्सएलआर केबलमधनंच, वेगळी वायर नाही. पण मिक्सरवाल्याला आधी विचार, फँटम हाय का आणि चालू केलाय का, छोट्या मिक्सरला काही वेळा नसतोय. म्हणून बॅटरीवरपण चालणारा घे. बहुतेकांना ९ व्होल्टची चौकोनी लागती, तीच स्मोक अलार्मला असती ती. आणि कार्यक्रम झाला की जॅक डीआयमधनं काढून ठेव, बऱ्याच बॉक्समध्ये जॅक आत असला की सर्किट चालूच राहतंय आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी मेलेली असती. मुलाच्या बेसला मागं बॅटरीचं झाकण असेल तर त्याचंबी तसंच.